वरील दोन्ही नावांची व्यक्ती

आमच्या सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरमध्ये 'एकच व्यक्ती' नावाची एक फाइल आहे. प्रतिज्ञापत्राचा तयार नमुना. दोन रिकाम्या जागा आणि खाली एक वाक्य: वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. दिवसातून चार-पाचदा तरी ती फाइल उघडावी लागते. कुणाच्या टीसीवर नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. कुणाच्या सातबाऱ्यावर बापाचं नाव टोपणनावानं चढलंय. बँकेत सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. आणि आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पहिलं नावही बदलायची रीत, त्यामुळे दोन कागदांवर दोन अगदी वेगळ्याच बायका. मी जागा भरतो, प्रिंट काढतो, सही नाहीतर अंगठा घेतो. दोन होऊन आलेलं माणूस एक होऊन जातं.

केंद्र चुलतभावाचं. मी तिथे दुपारनंतर बसतो. सकाळी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवतो. तत्त्वज्ञानवाला तासिका तत्त्वावर, हा विनोद स्टाफरूममध्ये सगळ्यांचा करून झालाय, माझा स्वतःचासुद्धा. हंगामी माणसाला कायम टिकणाऱ्या आत्म्यावर बोलायला लावतात, याचं मात्र मला अजून हसू येतं.

आमचं चौसाळा हे बीड तालुक्यातलं, धुळे-सोलापूर रस्त्यावरचं गाव. मांजरसुंब्याहून खाली सोलापूरकडे निघालात की लागतं. मी शाळेत होतो तेव्हा या रस्त्याचा नंबर २११ होता, आता ५२ आहे. दोन पदरी होता, चार पदरी झाला. वरच्या अंगाला औरंगाबाद होतं, त्याचं छत्रपती संभाजीनगर झालं. खालच्या अंगाला उस्मानाबाद होतं, त्याचं धाराशिव झालं. नंबर बदलला, अंग बदललं, दोन्ही टोकांची नावं बदलली. तरी आमचे आबा सांगतात, "ह्याच रस्त्यानं आमी बैलं घेऊन जायचो." ह्याच म्हणजे कोणत्या? वर्गात पहिल्या दिवशी मी हाच प्रश्न विचारतो. पोरं म्हणतात, सर, रस्ता तोच आहे की. मग मी म्हणतो, 'तोच' आणि 'तसाच' यात फरक काय, ते सांगा. तास तिथेच संपतो.

हा फरक मला स्वतःला कळायला दोन वर्षं लागली होती.

बीडला बी. ए. करून मी पुण्याला एम. ए.ला गेलो तो एका भलत्याच समजुतीवर. माझी जडणघडण सप्ताहातली. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची यात्रा, उन्हाळ्यात गावोगाव हरिनाम सप्ताह, आणि मी टाळकरी. 'मी कोण?' हा प्रश्न मी इतक्या कीर्तनांत ऐकला होता की त्याचं उत्तर मला पाठ होतं. पुण्यात पहिल्याच सत्रात निबंधाचा विषय आला: व्यक्ति-तादात्म्याची समस्या. मला वाटलं, हा तर आपल्या घरचा विषय. एका रात्रीत बारा पानं लिहिली. देह वस्त्रासारखा, आत्मा अविनाशी, मधे एक गोष्ट, शेवटी समुद्र आणि लाट. सरांनी निबंध परत दिला तेव्हा बारा पानांत फक्त दोन ठिकाणी खूण होती. 'तादात्म्य' शब्दाखाली एक रेघ आणि समासात: हा शब्द तुम्ही कोणत्या अर्थानं वापरता आहात? शेवटच्या पानावर: यात दृष्टान्त पाच आहेत. युक्तिवाद कुठे आहे?

पहिल्या खुणेचा अर्थ आधी लागला. मराठीत आपण तादात्म्य म्हणतो ते एखाद्याशी एकरूप होणं. नट भूमिकेशी तादात्म्य पावतो, श्रोता अभंगाशी. मी बारा पानं तेच समजून लिहिलं होतं: जीवाचं शिवाशी तादात्म्य. प्रश्न निराळाच होता, आणि खरं तर रुक्ष होता: कालचं हे माणूस आणि आजचं हे माणूस एकच आहे, असं आपण कशाच्या बळावर म्हणतो? शब्द अडले की वाडेकरांनी संपादित केलेल्या मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड ग्रंथालयात चाळायचो. पण कोश शब्दाचा अर्थ देतो. प्रश्न आपल्याला पडलेलाच नाही, हे तो सांगत नाही.

नंतर समोर आला लॉक. त्याच्या मानवी आकलनावरच्या ग्रंथातलं तादात्म्याचं प्रकरण पहिल्या आवृत्तीत नव्हतंच. मॉलिन्यू या मित्रानं सुचवलं म्हणून १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत ते आलं. ही गोष्ट मला आवडली होती. मित्रानं विचारलं म्हणून लिहिलं! पण आवडणं वेगळं आणि वाचणं वेगळं. सतराव्या शतकातलं इंग्रजी, सात-सात ओळींचं एक वाक्य, आणि माझं इंग्रजी बीडचं. एका संध्याकाळी एक पान व्हायचं, तेही डिक्शनरी उघडी ठेवून. सगळे शब्द कळायचे आणि वाक्य कळायचं नाही.

सरांनी एक युक्ती सांगितली. लेखक काय म्हणतो हे लगेच लिहायचं नाही. तो हे कुणाला म्हणतो ते आधी लिहायचं. वहीच्या डाव्या पानावर लॉकच्या समोर बसलेला माणूस, उजव्या पानावर लॉक. "तुमच्याच परंपरेत आहे हे," सर म्हणाले, "डावीकडे पूर्वपक्ष." त्यांनी १९८३ची एक हकीकत सांगितली होती. मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण वगैरे मंडळींनी पुण्यात एक संवाद घडवला. विधान म्हणजे काय याबद्दलचं रसेलचं म्हणणं संस्कृतात आणून शास्त्री-पंडितांपुढे ठेवलं आणि आधुनिक पद्धतीनं शिकलेले प्राध्यापक आणि पंडित त्यावर समोरासमोर बोलले. मला त्यातलं एवढंच लक्षात राहिलं, की परक्याचं म्हणणं आधी आपल्या भाषेत नीट मांडल्याशिवाय ते खोडायला बसायचं नाही.

वही डावी-उजवी केल्यावर लॉक उलगडायला लागला. त्याची राजपुत्र आणि चांभाराची गोष्ट घ्या. राजपुत्राचा आत्मा, सगळ्या आठवणींसकट, चांभाराच्या देहात शिरला. आता हा कोण? लॉक दोन उत्तरं देतो. व्यक्ती म्हणून राजपुत्र. माणूस म्हणून, शेजारपाजारच्यांच्या लेखी, चांभारच. मी गोष्ट वाचली आणि उडालो, कारण अशीच एक गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती. वेताळपंचविशीतली. देवीच्या देवळात नवऱ्यानं आणि भावानं शिरं कापून घेतली, बाईनं घाईत धडांवर उलटी बसवली, दोघं जिवंत झाले. नवरा कोणता? विक्रम म्हणतो, ज्याला नवऱ्याचं शिर तो. कारण सगळ्या अवयवांत शिर श्रेष्ठ. हीच कथा टॉमस मानकडून फिरत गिरीश कार्नाडांच्या 'हयवदन'पर्यंत आली. चांदोबात वाचताना मला ते उत्तर बरोबर वाटलं होतं. आता पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं: श्रेष्ठ म्हणून तेच, हे कसं काय? श्रेष्ठपणाचा आणि तोच असण्याचा संबंध काय? विक्रमानं उत्तर दिलं, कारण दिलं नाही. आणि वेताळानं ते चालवून घेतलं.

इथेच सरांच्या दुसऱ्या खुणेचा अर्थ लागला. कीर्तनातला दृष्टान्त बुवांच्या ताब्यात असतो. सिद्धान्त आधी ठरलेला, गोष्ट मागून येते आणि पखवाजाच्या थापेवर बरोबर समेवर उतरते. त्यात गैर काही नाही. कीर्तन शंका काढण्यासाठी नसतंच. तत्त्वज्ञानातलं उदाहरण मात्र बेइमान असतं. तुम्ही ते तुमच्या बाजूनं उभं करता आणि ते उठून समोरच्याकडे जाऊन बसतं. लॉकचंच बघा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या कृतीची जाणीव मला आज माझी म्हणून आहे, ती करणारा मीच. १७८५मध्ये टॉमस रीडनं एक सेनापती उभा केला. लहानपणी फळबागेत चोरी केली म्हणून याला फटके बसले. तरुणपणी यानं शत्रूचा झेंडा हिसकावला. म्हातारपणी सेनापती झाला. झेंडा हिसकावताना फटके आठवत होते. सेनापतीला झेंडा आठवतो, फटके साफ विसरले. आता लॉकच्या हिशेबानं सेनापती म्हणजे तो तरुण, तरुण म्हणजे तो पोरगा. पण सेनापती म्हणजे तो पोरगा नव्हे. अ म्हणजे ब, ब म्हणजे क, आणि अ म्हणजे क नाही. आठवणीचीच काडी वापरून आठवणीचं घर पेटवलं.

ह्यूमबद्दल एवढंच सांगतो, की त्यानं आत शोधलं आणि त्याला 'मी' सापडला नाही, नुसत्या जाणिवांची गर्दी सापडली. आणि पुढे आपल्याच ग्रंथाच्या परिशिष्टात त्यानं छापून टाकलं की या प्रश्नावरचं माझं लिखाण मला समाधान देत नाही. छापील पुस्तकात माणूस असं म्हणू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून माझे निबंध आखूड झाले. बारा पानांचं चारवर आलं. 'असे म्हटले जाते' हे शब्द गेले, कारण सर प्रत्येक वेळी विचारायचे, कोण म्हणतं? आणि 'तोच' लिहिला की पुढे लिहायची सवय लागली: तोच काय? तोच देह, तोच माणूस, तोच देणेकरी? मराठीनं इथे मला हात दिला. इंग्रजीत एकाच शब्दात जे दोन अर्थ कोंबलेले असतात ते आपल्याकडे कुणाही पोराला वेगळे येतात. माझी सायकल चोरीला गेली आणि दुकानातून तसलीच आणली, तर ती तशीच आहे, तीच नाही.

नेट झालो, गावी आलो, कायमची जागा निघाली नाही. इथवरची कथा अर्ध्या मराठवाड्याची आहे, ती लांबवत नाही.

केंद्रावर बसायला लागलो तेव्हा हे काम आणि ते शिक्षण यांचा संबंध असेल असं वाटलं नव्हतं. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. दहा बोटं, दोन डोळे, एक चेहरा आणि त्यावर बारा आकडे. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर सरकारनं देहाच्या बाजूनं कौल दिला. पण आमच्याकडची बोटं या कौलाला दाद देत नाहीत. सहा महिने ऊस तोडून आलेल्या बाईचा अंगठा मशीनवर उमटत नाही, रेघाच झिजलेल्या. ओल्या फडक्यानं पूस, पुन्हा दाब, दुसरं बोट लाव. मशीन म्हणतं जुळत नाही. मावशी म्हणते, "आता अंगठा माझा न्हाई तर कुणाचा हाय, दादा?" जन्मतारखेचं तर विचारूच नका. माझ्या याद्यांत निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. आईला विचारलं तर ती म्हणते बहात्तरच्या दुष्काळात झाला, आजीला विचारलं तर पुलीस अ‍ॅक्शनच्या वक्ताला.

नोव्हेंबरात हयातीचे दाखले असतात. पेन्शनवाल्यानं समोर बसून आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. गेल्या वर्षी एक सून सासऱ्याला घेऊन आली. म्हाताऱ्याला विस्मरणाचा आजार. नाव विचारलं तर थोरल्या भावाचं सांगायचा, तो भाऊ केव्हाच वारलेला. बोटं उमटेनात, म्हणून मोबाइलवर चेहरा दाखवायचा. त्यात पापणी मिटावी लागते, नाहीतर मशीनला तो फोटो वाटतो. सून म्हणते, "मामा, डोळे झाका की जरा." मामा टक लावून बघत बसले. चार वेळा फसलं. शेवटी बाहेर हायवेवर एका ट्रकनं हॉर्न मारला, म्हातारा दचकला, पापणी मिटली, दाखला झाला. सून हसली, मी हसलो. रात्री मात्र झोप लागेना. लॉकच्या हिशेबानं ती नोकरी करणारी व्यक्ती आता उरलीच नव्हती, मग पेन्शन कुणाची? आणि सुनेला तर एकदाही शंका आली नाही. तिला कुठलाच निकष लागला नव्हता. तिनं दाखल्यासाठी आणलं ते मामांना, देहाला नव्हे आणि आठवणींनाही नव्हे. हे मी चार पानांत लिहून सरांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: प्रसंग चांगला आहे. पण तिला शंका आली नाही, यावरून शंका नाही असं कसं ठरतं?

तर आता वर्गाबद्दल. अकरा पोरं आहेत, त्यातल्या सात मुली. मी त्यांना लॉकपासून सुरुवात करून देत नाही. मिलिंद राजा आणि नागसेन भिक्खूपासून करतो. मराठवाड्यात ही नावं परकी नाहीत. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला काढलेलं कॉलेज पुढे मिलिंद महाविद्यालय झालं, त्याचा परिसर नागसेनवन. माझ्या वर्गातल्या एकाच्या भावाचं नाव मिलिंद आहे. पण राजानं भिक्खूला काय विचारलं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नागसेन म्हणतो, नागसेन हे नुसतं नाव, आत तशी कुणी व्यक्ती नाही. राजा म्हणतो, मग माझ्यासमोर बोलतंय कोण? नागसेन विचारतो, महाराज, तुम्ही रथातून आलात ना? आस म्हणजे रथ? चाकं म्हणजे रथ? जू म्हणजे रथ? मग रथ कुठे आहे? भाग एका रीतीनं जुळले की त्यांना आपण रथ म्हणतो, एवढंच, माणसाचंही तसंच.

रथ कुणी पाहिलेला नाही, म्हणून मी टायरगाडी घेतो. ऊस वाहायची. वर्ग एकदम जागा होतो. जू मोडतं, टायर बदलतात, बैल तर विकून नवे आणतात. गाडी कोणती मग? मला हा युक्तिवाद फार आवडतो आणि मी तो जरा रंगवूनच सांगतो. टाळकऱ्याचा वर्ग घेताना कधीतरी बुवा होतोच.

गेल्या दसऱ्याच्या आधी निबंध दिला: आपल्या घरातलं एक उदाहरण घेऊन व्यक्ती म्हणजे काय ते लिहा. बहुतेकांनी आत्मा आणि लाट लिहिली. मला माझी बारा पानं आठवली आणि मी दृष्टान्त मोजून खाली आकडा टाकत गेलो. एका मुलीचा निबंध दीड पानाचा होता. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. तिनं लिहिलं होतं: मुकादमाच्या वहीत माझे आईवडील एक कोयता आहेत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, ऊसतोडीत कोयता म्हणजे हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो. एकटा माणूस गेला तर अर्धा कोयता. पुढे तिनं विचारलं होतं: लॉक म्हणतो व्यक्ती हा शब्द न्यायनिवाड्याचा आहे, केलेलं काम आणि त्याची जबाबदारी ज्याची, ती व्यक्ती. उचल वडिलांनी घेतली, पैसे मोजताना आई तिथे नव्हती, तिला ते घेतल्याची आठवण असायचं कारणच नाही. मग फेडायला ती कशी बांधलेली? दोन माणसांची एक व्यक्ती कशी झाली?

पुस्तकात एका माणसाचे दोन होतात तेव्हा काय, यावर डेरेक पार्फिटनं १९८४मध्ये पानंच्या पानं लिहिली आहेत. दोनाचा एक झालेला इथे वहीत रोज लिहिला जातो आणि आम्ही तत्त्वज्ञानवाले त्याला अर्थशास्त्रवाल्यांकडे पाठवून देतो. मी खूश झालो. पण खूश होऊन गुण देणं सोपं असतं. मी समासात लिहिलं: पूर्वपक्ष कमकुवत. मुकादमाचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल असं लिही, मग उत्तर दे.

ती पोरगी खरंच मुकादमाला विचारून आली. तो तिच्या नात्यातलाच. दुसऱ्या खर्ड्यात डाव्या पानावर तिनं त्याचं म्हणणं मांडलं होतं. एक जण तोडतो, दुसरा पाचट काढून मोळी बांधतो आणि गाडीपर्यंत डोक्यावर नेतो. यातलं एक काढलं तर ऊस तुटत नाही. मुकादम माणसं मोजतच नाही, काम मोजतो. आणि काम करणारी वस्तू जोडीच आहे. त्याखाली, मला उद्देशून असल्यासारखं, तिनं लिहिलं होतं: टायरगाडीच्या तासाला सरांनी सांगितलं की भाग जुळून काम करू लागले की त्यालाच आपण एक नाव देतो, त्यापलीकडे वेगळी गाडी नसते. मग कोयतासुद्धा तसाच. नागसेनाचं खरं असेल तर मुकादमाचं चूक कसं?

मी ते पान दोनदा वाचलं. माझं लाडकं उदाहरण मुकादमाच्या शेजारी जाऊन बसलं होतं. त्याला तिथून उठवायचं कसं, हे मी तेव्हापासून शोधतोय. एक वाट दिसते: गाडीचे भाग स्वतः काही घेत नाहीत आणि स्वतः काही देणं लागत नाहीत, कोयत्याचे भाग घेतात, दमतात, नको म्हणू शकतात. पण नागसेन म्हणेल, दमणारं कोण ते दाखवा. आणि मुकादम म्हणेल, दोघं मिळूनच दमतात. सरांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, उजवं पान कोरं आहे का? म्हटलं, हो. म्हणाले, राहू दे.

तिची आई दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली. जायच्या आदल्या दिवशी मुलगी तिला घेऊन केंद्रावर आली होती. लाडक्या बहिणीचे पंधराशे जमा होणारं खातं सासरच्या नावानं, शाळेचा दाखला माहेरच्या. मी फाइल उघडली, जागा भरल्या. आईला वाचता येत नाही, म्हणून मुलीनं वाक्य वाचून दाखवलं: वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. आईनं विचारलं, "ह्ये मपलं एकटीचंच हाय नव्हं?" मुलगी हो म्हणाली. आईनं अंगठा दिला. शाईचा, तो उमटला.

निबंध अजून माझ्याकडेच आहे. उजवं पान कधी देतेस म्हणून विचारलं तर मुलगी म्हणाली, "सर, पूर्वपक्ष मुकादमाला विचारून लिहिला, उत्तरपक्ष आईला विचारून लिहिते. ती मार्चमध्ये येते." गुणांचा रकाना मी मोकळा ठेवला आहे.